बायपोलरमधलं डिप्रेशन आणि बोलण्याची थेरपी: कोल्हापुरात कुणी घेतली आहे का?

उंबरा | ११ फेब्रुवारी, रात्री १:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. बायपोलर, म्हणजे मन कधी उधाणात तर कधी पार तळात जाण्याचा आजार. डॉक्टर टाइप २ म्हणतात, म्हणजे उधाण त्यातल्या त्यात सौम्य. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला होता, दर आठवड्याला शिफ्ट बदलायची. चार वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या आठवड्यात त्याची झोप उडाली ती उडालीच. दोन-तीन तास झोपून ताजातवाना, डोक्यात धंद्याचे एकावर एक बेत, एका जुन्या मशीनचा इसारसुद्धा देऊन आला. खरं सांगायचं तर आम्हाला ते आजारपण वाटलंच नाही. पोरगं मार्गाला लागलं म्हणून आईनं जोतिबाला जाऊन गुलाल उधळला.

त्यानंतर जे खाली गेलं ते अजून वर आलेलं नाही. पहिलं वर्ष साध्या डिप्रेशनचे उपचार झाले. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या मशीनच्या दिवसांबद्दल खोदून विचारलं तेव्हा बायपोलर म्हणून कळलं. आता लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) आणि आणखी एक गोळी चालू आहे. उधाण दोन वर्षांत आलेलं नाही. पण दिवाळीपासून माडीवरच्या खोलीत पडून असतो. बाराला उठतो, ताट तसंच खाली येतं, दाढी पंधरा-पंधरा दिवस नाही.

डॉक्टर म्हणाले, आता गोळ्यांना बोलण्याच्या थेरपीची जोड द्या. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, "बोलायला पैसे कशाला मोजायचे? मी बोलतो की त्याच्याशी." बाबांचं बोलणं म्हणजे "ऊठ, अंघोळ कर, लोकांची पोरं बघ जरा."

मला विचारायचंय ते एवढंच: बायपोलर असताना या थेरपीचा खरंच उपयोग होतो का? तिथं नेमकं करतात काय? जुनं सगळं उकरून काढतात का? भाऊ काल म्हणाला, "तायडे, मला बोलायलाच येईना झालंय आणि तू मला बोलायच्या उपचाराला पाठवाल्यास." यावर मला उत्तर सुचलं नाही.

रोखठोक_पाटील | ११ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ताई, राग मानू नका, स्पष्ट बोलतोय. रिकामं बसलं की डोकं माणसाला खातंय. पोराला पहाटे पाचला तालमीत घाला. शंभर जोर, शंभर बैठका, वरनं धारोष्ण दूध. महिन्यात उभा राहतोय का नाही बघा. बोलून कुणाचं भलं झालंय? आमच्या आज्यानं दोन दुष्काळ काढले, कुणाशी बोलला नाही.

जुना_वाडा | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

पाटील, निम्म्यावर सहमत आहे. त्या निम्म्यावर शेवटी येतो.

ताई, आधी तुमचं. धागा रात्री १:१२ ला काढलाय. घरात एक आजारी पडला की दुसऱ्याची झोप जाते, हे आमच्या घरानं भोगलंय. तेवढं बघा.

मी स्वतः बायपोलर, टाइप १, म्हणजे उधाण पूर्ण वाढीचं, त्यालाच मॅनिया म्हणतात. निदान २००६ चं, आज वय ४८, राहायला गंगावेशीकडं. माझा मॅनिया अख्ख्या पेठेनं बघितलाय, अजून कुणीतरी हसत विषय काढतं. पण वर्षांची बेरीज मांडली तर मॅनियाचे आठवडे बोटावर मोजण्याइतके आणि अंथरुणातले महिने किती तरी. ते कुणी बघितले नाहीत. बायकोनं बघितले.

थेरपीला गेलो २०१४ ला. मला वाटलं होतं बाई लहानपण विचारतील, वडिलांनी मारलं का विचारतील. पहिल्या भेटीत त्यांनी आखलेला एक कागद पुढं सरकवला. रोज पाच वेळा लिहायच्या: अंथरुणातून कधी उठलो, पहिल्या माणसाशी कधी बोललो, कामाला कधी लागलो, रात्री कधी जेवलो, आडवा कधी झालो. प्रत्येकासमोर एक आकडा: तेव्हा एकटा होतो, नुसतं कुणी जवळ होतं, का कुणासोबत मिळून ते केलं. आणि शेवटी दिवसाचा मूड, उणे पाच ते अधिक पाच. मी म्हणालो, बाई, पैसे भरून मी शाळेचं टाइमटेबल लिहायला आलोय होय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, महिनाभर लिहा, मग भांडू.

महिन्यानं दोघांनी मिळून ते कागद मांडले. माझी समजूत अशी होती की मन पडतं, म्हणून मग झोप आणि वेळा बिघडतात. कागदावर उलटं दिसत होतं. दर वेळी मूड उणे तीनवर जायच्या दोन-तीन दिवस आधी ‘पहिल्या माणसाशी बोलणं’ सकाळी सातवरून घसरत दुपारी तीनवर गेलं होतं. म्हणजे पडायच्या आधी मी लोकांतून गायब व्हायचो आणि मलाच पत्ता नसायचा. हे मला आठ वर्षांत कळलं नव्हतं. चार कागदांनी दाखवलं.

मग आम्ही सगळं सोडून तेवढी एक वेळ धरली. सकाळी पावणेसातला कट्ट्यावर जायचं, म्हशीची धार काढलेलं ग्लासभर दूध प्यायचं, दूधवाल्याशी दोन वाक्यं बोलायची. दूध नको असलं तरी जायचं. मन नको म्हणत असेल तर पायांनी जायचं.

आता पाटलांचं निम्मं. पहाटेची तालीम लागू पडते ती जोरांमुळं कमी आणि रोज त्याच वेळी तिथं चार माणसं वाट बघतात म्हणून जास्त. तेवढं तुमचं बरोबर. पण बाराला उठणाऱ्याला उद्या पाचला उठवलं तर तो दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी पडेल आणि "मी तेवढ्याही लायकीचा नाही" हे वर घेऊन पडेल. माझी उठायची वेळ आम्ही आठवड्याला पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडं ओढली. आणि पोरगं लिथियमवर आहे. घाम गळाला, पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम चढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणं असं काही झालं तर थेट डॉक्टर गाठायचा. अंगदुखीला आपण मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या आणतो ना, आयब्युप्रोफेन वगैरे, त्यांनीही लिथियम वाढतं. व्यायामाला ना नाही. डॉक्टरला सांगून आणि पाणी पिऊन.

रोखठोक_पाटील | ११ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

लिथियमचं ठाऊक नव्हतं. आज्याचं मागं घेत नाही, पण तालमीचं तेवढं दुरुस्त करून वाचावे.

सायंतारा | ११ फेब्रुवारी, दुपारी २:१५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. मूळची इचलकरंजीची, सध्या पुण्यात. इथे कुणाचं निदान किंवा उपचार करणार नाही, फक्त उंबराताईंच्या पहिल्या प्रश्नापुरतं लिहिते.

अमेरिकेत बायपोलरवर स्टेप-बीडी नावाचा मोठा अभ्यास झाला. त्याचा थेरपीचा भाग २००७ साली प्रसिद्ध झाला. पंधरा केंद्रांतले २९३ लोक, सगळे बायपोलर डिप्रेशनमध्ये, सगळे गोळ्यांवर. निम्म्याहून थोड्या अधिक लोकांना नऊ महिन्यांत तीस भेटींपर्यंत सखोल थेरपी दिली, बाकीच्यांना आजाराची माहिती देणाऱ्या फक्त तीन भेटी. वर्षअखेर सखोल थेरपीवाल्यांतले शंभरातले ६४ बरे झाले होते, दुसऱ्या गटातले ५२ च्या आसपास. बरं व्हायला लागलेला वेळही सखोल थेरपीवाल्यांना कमी लागला. जादू नाही ही. पण अंथरुणात पडलेल्या माणसाला लवकर उठता येणं म्हणजे काय, ते वर जुना_वाडा यांनी लिहिलंच आहे.

त्याच वर्षी त्याच अभ्यासाचा दुसरा भाग आला. मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीला नेहमीच्या डिप्रेशनच्या गोळीची जोड देऊन बघितली, तर ती साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणून बायपोलरमध्ये "डिप्रेशन आहे ना, मग डिप्रेशनची गोळी वाढवा" हे सरळ गणित चालत नाही. त्यात टाइप १ मध्ये नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट उधाणात जाण्याची भीती असते. थेरपीला इथे जास्त महत्त्व येतं ते यामुळे.

सखोल थेरपी तीन प्रकारची होती. एक विचार-वर्तनाची, जिला सगळे सीबीटी म्हणतात. दुसरी जुना_वाडा यांच्या कागदाची: नात्यांवर काम करायचं आणि दिवसाचा ताल बांधायचा. ती पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनी उभी केली. तिसरी कुटुंबाला सोबत घेऊन करायची, तिच्यामागे डेव्हिड मिक्लोविट्झ यांचं काम आहे. तिघींपैकी एक दुसरीपेक्षा ठळकपणे वरचढ निघाली नाही. त्यामुळे "कुठली चांगली" यापेक्षा "कोल्हापुरात नीट कोण देतं आणि भावाला कुठली झेपेल" हा प्रश्न मोठा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनमध्ये २००६ साली आलेल्या एका मोठ्या सीबीटी अभ्यासात, २५३ लोकांत, एकूणात फरक दिसला नाही. ज्यांचे आजाराचे झटके बारापेक्षा कमी होते त्यांना फायदा दिसला, ज्यांचे जास्त झाले होते त्यांना नाही. एका अभ्यासावरून नियम करू नये, पण माझं मत असं की थेरपी लवकर सुरू केलेली बरी. तुमच्या भावाचं वय आणि आजाराची वर्षं पाहता हीच वेळ आहे.

जुनं उकरण्याबद्दल: डिप्रेशनच्या तळात असलेल्या माणसाकडून कुणी पहिल्याच महिन्यात सगळं बालपण काढून घेत असेल तर मी सावध राहीन. त्या अवस्थेत आठवणीसुद्धा काळ्याच निवडून वर येतात. आणि एक फरक, जो घरच्यांना सांगावाच लागतो. साध्या डिप्रेशनमध्ये आम्ही माणसाला हळूहळू कामाला लावतो, वेग वाढला की खूश होतो. बायपोलरमध्ये वेग वाढताना आम्ही ब्रेकवरही पाय ठेवतो. तीन महिने पडून असलेला मुलगा एके दिवशी पाचला उठून घर झाडायला लागला तर आई पेढे वाटते, आम्ही विचारतो की काल किती तास झोपलास.

उंबरा | ११ फेब्रुवारी, रात्री ९:५०

आज लवकर लिहितेय, जुना_वाडा दादा.

मशीनचा इसार आणि जोतिबाचा गुलाल आठवून कसंसंच झालं. सायंतारा, भावाच्या त्या वाक्याचं काय? त्याला खरंच शब्द सुचत नाहीत. "जेवतोस का?" विचारलं तर उत्तर यायला मिनिट लागतं.

सायंतारा | ११ फेब्रुवारी, रात्री १०:२०

ते आळसानं नाही. विचारांचा वेगच मंदावतो. अशा वेळी भेट अर्ध्या तासाची ठेवता येते, जास्त बोलणं आमच्याकडून होतं, तो मान हलवतो, कागदावर आकडा लिहितो. एका मुलाबरोबर पहिल्या चार भेटी मी नुसत्या दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारण्यात घालवल्या आहेत. त्याला सांगा, बोलता येईना हेच तिथं पहिलं वाक्य म्हणून चालेल.

मीठभाकर | १२ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मी कागलकडची. आमच्या ह्यांना बायपोलर आहे, लग्नानंतर तीन वर्षांनी कळलं. आम्ही घरच्या सगळ्यांनी मिळून जायच्या भेटी केल्या. दर पंधरा दिवसांनी मी, हे आणि सासूबाई कोल्हापूरला यायचो. गावात विचारलं तर दातांचा डॉक्टर सांगायचो. सहा महिन्यांत एवढे दात कुणाचे दुखतात, पण कुणी विचारलं नाही.

ताई, तुमच्या बाबांचं "लोकांची पोरं बघ" वाचून आमच्या सासूबाई आठवल्या. तिथल्या बाईंनी आम्हाला सांगितलं की घरात टोमणे आणि टीका जास्त असेल तर आजार परत उलटायची शक्यता वाढते, यावर बरंच संशोधन झालंय. सासूबाईंनी मान खाली घातली. मी मनात खूश झाले. मग बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, अति काळजीसुद्धा त्यातच मोडते. झालं. मी दिवसातून पाच वेळा विचारायची, गोळी घेतली का, जेवलात का, बरं वाटतंय का. सासूबाई तीन वेळा. दीर फोनवरून एकदा. बाईंनी मोजायला लावलं. दिवसाला नऊ वेळा माणसाला आठवण करून देत होतो की तू आजारी आहेस. मग ठरलं की गोळीचं एकानंच, एकदाच, रात्रीच्या जेवणानंतर विचारायचं. बाकीच्यांनी तोंड मिटायचं.

बोलायचा सराव करून घेतला, अगदी नाटकासारखा. सासूबाईंना म्हणायला लावलं, "मी चहा टाकलाय, खाली येतोस का?" त्या तीन वेळा "चहा टाकलाय, ऊठ की आता, किती लोळशील" असंच म्हणाल्या. चौथ्या वेळी अर्ध्यावर थांबल्या आणि हसायला लागल्या. हे पण हसले. चार महिन्यांनी पहिल्यांदा हसले, म्हणून मला तो दिवस लक्षात आहे.

आणखी एक कागद केला तो कपाटाच्या दाराला आतून लावलाय. एका बाजूला वर जायच्या खुणा: रात्री जुन्या मित्रांना फोन, मोबाइलवरून वस्तू मागवणं, मोठ्यानं गाणं. दुसऱ्या बाजूला खाली जायच्या: दाढी सोडणं, आणि डेअरीचं दहा दिवसांचं बिल आलं तरी ते तपासून न बघणं. ही दुसरी खूण त्यांनी स्वतःच सांगितली. मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती. एकापेक्षा जास्त खुणा चार दिवस टिकल्या तर डॉक्टरांना फोन कुणी करायचा तेही लिहिलंय: मी. हे बरे असताना त्यांनीच लिहून ठेवलंय, म्हणून ऐन वेळी भांडण कमी होतं. होत नाही असं नाही.

डोंगरवाट | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ७:४५

सगळं गोड गोड चाललंय म्हणून माझं कडू लिहितो.

मीही थेरपी घेतली होती. नाव-गाव सांगत नाही. भिंतीवर तीन-चार सर्टिफिकेटं होती, नंतर कळलं ती शनिवार-रविवारच्या कोर्सची. चौथ्या भेटीत मला सांगण्यात आलं की गोळ्या म्हणजे कुबड्या, तुमच्यातली सकारात्मक ऊर्जा दबलीय. मला तेच ऐकायचं होतं. लिथियम बंद केलं. पहिले काही आठवडे इतके छान गेले की मी त्यांना हार घालायला गेलो होतो. पुढचं लिहीत नाही. दोन महिन्यांच्या आत दवाखान्यात दाखल होतो आणि माझी एक मोटारसायकल कुणाला दिली ते आजही आठवत नाही.

म्हणून जायच्या आधी तीन प्रश्न विचारा. तुमची नोंदणी कुठली? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. बायपोलरचे पेशंट घेता का? आणि माझ्या सायकियाट्रिस्टशी फोनवर बोलाल का? तिसऱ्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल तिथून चप्पल घालून निघायचं.

आता दुसऱ्यांकडे जातो. तिथं सगळ्यात जास्त काम कशावर झालं असेल तर लाजेवर. हार घातला त्याची लाज, मोटारसायकलची लाज, आईवर ओरडलो त्याची. मला डिप्रेशन यायचं तेच मुळी या हिशोबातून, निदान मला तसं वाटायचं. त्यांनी एक कागद दोन रकान्यांत केला, आजारानं काय केलं आणि मी काय केलं. दुसऱ्या रकान्यात निघालेल्या तीन गोष्टींची मी माफी मागून आलो. पहिल्या रकान्यातल्या सतरा होत्या.

जुना_वाडा | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

डोंगरवाट, भावा, वाचून थांबलो जरा. दोन रकान्यांचं मी उचलतोय.

राजारामपुरी_पीजी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:००

इथं खर्चावर कुणी बोलत नाहीये. दर आठवड्याला खासगी भेट सगळ्यांना परवडत नाही. मी विद्यार्थी आहे, मला तरी नाही परवडत. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. गर्दी असते, तासभर कुणी बसून बोलेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण औषधं आणि रक्ततपासणी तिथं चालू ठेवून वाचलेल्या पैशांत महिन्यातून दोन भेटी बाहेर, असं मी जमवलंय. माझ्या थेरपिस्टनं तीन आठवड्यांतून एकदा ऑनलाइन भेट कमी पैशांत करू दिली, फक्त विचारावं लागलं. विचारायला मला दोन महिने लागले.

संपादक मंडळ | १४ फेब्रुवारी, दुपारी १:००

चर्चा उत्तम चालली आहे. गोळ्यांचे डोस आणि डॉक्टरांची नावे कृपया धाग्यावर लिहू नयेत, व्यनितून (खासगी निरोपातून) विचारावीत. कुणालाही जीव नकोसा वाटत असेल किंवा घरातल्या कुणाबद्दल तशी शंका असेल तर धाग्यावर उत्तराची वाट बघू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येते.

उंबरा | ४ एप्रिल, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. पाच व्यनि आले, त्यातल्या एका नावाकडे भाऊ जायला लागला. आतापर्यंत सहा भेटी झाल्या.

खरं तेच लिहिते. पहिल्या दोन भेटींना मी ओढत नेला. तिसरीला एकटा गेला. चौथीला गेलाच नाही, रंकाळ्यावर बसून परत आला आणि घरी "झाली भेट" म्हणून सांगितलं. मला कळलं तेव्हा मी खूप बोलले, नको ते बोलले. पाचव्या भेटीत त्यानं स्वतःच ते तिथं सांगितलं म्हणे. बाईंनी विचारलं, रंकाळ्यावर किती वाजता पोचलास? साडेपाचला. भेट साडेपाचची होती. तर म्हणाल्या, वेळ पाळलीस, जागा चुकली.

याच भेटींत त्यानं पहिल्यांदा सांगितलं की "सगळं संपलं तर बरं" असं त्याला महिनोन् महिने वाटत होतं. आम्हाला घरात कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या परवानगीनं बाईंनी मला आत बोलावलं. एक कागद केला: तसं वाटायला लागलं तर आधी काय करायचं, मग कुणाला फोन, तो नाही लागला तर कुणाला. गोळ्या आता आठवड्यापुरत्याच घरात असतात. कागदावर दुसरं नाव बाबांचं आहे. मला वाटलं तो बाबांचं नाव घेणार नाही.

बाबांचंही सांगायचंय. बाबा केएमटीत, म्हणजे शहराच्या बससेवेत, कंडक्टर होते, तीस वर्षं. एका भेटीला कसेबसे आले, खुर्चीच्या टोकावर बसले होते. बाईंनी तो पाच वेळांचा कागद दाखवला. बाबांनी चष्मा लावला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "हे आमचं वेबिल आहे की." (वेबिल म्हणजे कंडक्टरचा फेऱ्यांच्या नोंदीचा कागद.) मग म्हणाले, "म्याडम, पहिली गाडी रिकामी असली तरी वेळेला सोडावी लागते. एक चुकली की दिवसभराच्या सगळ्या चुकतात." बाईंनी ते लिहून घेतलं. येताना बाबा स्टँडपर्यंत गप्प होते. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आठला माडीच्या जिन्याखाली उभे राहतात. ऊठ म्हणत नाहीत. दोनदा टकटक करतात, गाडी सोडायला डबल बेल देतात तशी, आणि चहाला जातात. धाकटा रोज उतरतो असं नाही. आठवड्यातून चार दिवस उतरतो. उठायची वेळ बारावरून साडेआठवर आलीय.

मूडचा आकडा उणे चार होता, आता उणे दोन-तीन. मार्चमध्ये एक आठवडा परत उणे चार होता. जेवणाचं अजून नीट नाही.

रोखठोक_पाटील | ५ एप्रिल, सकाळी ६:४५

डबल बेल! बाबांना आमचा रामराम सांगा.

मीठभाकर | ५ एप्रिल, दुपारी १:१०

अवांतर: मी तुमच्या बाबांचं वाक्य सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, म्हशीचं पण तसंच असतंय, धारेची वेळ चुकली की दूध आटतंय.

सायंतारा | ५ एप्रिल, रात्री ८:३०

मार्चच्या त्या आठवड्याने खचू नका. एक विचारू का? तो परत कामाला जायचं म्हणतोय का? म्हणाला तर पुन्हा फिरत्या पाळीवर जाण्याआधी डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांशी बोला. बायपोलर असलेल्या माणसाला आठवड्याला बदलणारी पाळी म्हणजे दर आठवड्याला विमान न पकडता परदेशी जाऊन आल्यासारखं आहे. कायम दिवसपाळी मिळावी म्हणून डॉक्टरांचं पत्र देता येतं. किती सांगायचं आणि कुणाला, हा निर्णय त्याचा.

उंबरा | २ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतेय.

भाऊ जूनपासून कामावर आहे. फाउंड्रीत नाही, ओळखीच्यांच्या वर्कशॉपला, नऊ ते सहा, पगार आधीपेक्षा कमी. भेटी आता महिन्यातून एक. मूड बहुतेक शून्य ते उणे एक. मधे ऑगस्टमध्ये तीन दिवस अधिक दोन लिहिलं होतं, तेव्हा त्यानं स्वतःच बाईंना फोन केला आणि डॉक्टरांनी रक्त तपासून घेतलं. बाबांचं वेबिल चालू आहे, महिन्याच्या महिन्याला फाइल करतात.

आता अडचण विसर्जनाची. तो लहानपणापासून मंडळाचा कार्यकर्ता आहे. आजारी पडल्यापासून गेला नाही, यंदा जायचं म्हणतोय. आपल्याकडची मिरवणूक म्हणजे रात्र नाही आणि दिवस नाही. बाईंनी सरळ नाही म्हटलं नाही. म्हणाल्या, जायचं, पण झोपायची वेळ साडेदहा ती फार तर अकरा, आणि परत यायचं कसं ते आधी ठरवून जायचं. आई म्हणते जाऊच नको. तो म्हणतो, अकराला मंडळातून निघालो तर पोरं काय म्हणतील. जुना_वाडा दादा, तुम्ही काय करता?

जुना_वाडा | ३ सप्टेंबर, सकाळी ७:१०

मी अकरा-बारा वर्षं झाली, दुपारी तीनला जातो आणि रात्री दहाला परततो. पहिल्या वर्षी पोरं बोलली. दुसऱ्या वर्षी मी दुपारच्या चहाचं आणि पाण्याचं काम अंगावर घेतलं. ते काम दहाला संपतंच, त्यामुळं निघायला कारण लागत नाही. तेव्हापासून कुणी विचारत नाही. उलट दुपारी पाणी कोण आणणार म्हणून दोन दिवस आधी फोन येतो.

त्याचं मंडळ कुठल्या बाजूचं ते व्यनि करा. पापाच्या तिकटीकडून जाणार असेल तर मी दहाला तिथनंच परततो. त्याला म्हणावं, कोपऱ्यावर उभा असेन. पाण्याचे कॅन दोन माणसांना जड होतात, तिसरा लागतोच.